हायस्कुलासाठी लेझीम संच: काय घ्यावं, किती घ्याव्यात आणि आधी काय तुटतं

दोनशे-सव्वादोनशे पटाचं, इयत्तेला एकच तुकडी असलेलं गावाकडचं हायस्कूल डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे. अशा शाळेत अख्खा वर्ग मिळून करतो अशा गोष्टी कमीच. कबड्डीत सात जण उतरतात, खो-खोत मैदानावर नऊ असतात. अडतीसच्या वर्गातली बाकीची पोरं कडेला बसून ओरडतात. भाषण, नाट्यछटा, रांगोळी यांत तर तीच ती चार-पाच हुशार नावं वर्षानुवर्षं. लेझमीत मात्र उंच, बुटकी, लाजरी, मागच्या बाकावरची सगळी एका रांगेत येतात, आणि एकाची चूक सगळ्यांना ऐकू जाते. नववीचा वर्ग ‘वर्ग’ म्हणून उभा राहायला याहून स्वस्त साधन आमच्या माहितीत नाही.

म्हणूनच संच विकत घेताना बहुतेक शाळा जिथे अडखळतात ते आधी सांगतो. त्या चकचकीत लेझमी घेतात, आणि पैशांच्या मानाने दोन डझनच घेतात. मग निवडक चोवीस मुलांचं ‘पथक’ होतं आणि उरलेली चौदा पुन्हा कडेला. साधी घ्या, पण वर्गाला पुरतील एवढ्या घ्या, हे आमचं स्पष्ट मत. फक्त एका बाबतीत काटकसर करायची नाही, ती म्हणजे कोयंड्याचा, म्हणजे दांड्याच्या टोकाला साखळी अडकवणाऱ्या लोखंडी कडीचा, जोड.

लेझमीत भाग मोजून चार: लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कोयंडे, त्यांत अडकवलेली चकत्यांची साखळी आणि साखळीच्या मध्यावर धरायची मूठ. साखळी दांड्यापेक्षा लांब असल्यामुळे ताणली की धनुष्य होतं आणि मिटली की चकत्या एकमेकींवर आपटतात. शाळेत चालते ती आखूड लेझीम, 15 ते 18 इंच दांड्याची. पाचवी ते सातवीला 15 इंची, आठवीपासून 18 इंची. आखाड्यातली बांबूची, वाकवलेली, जाड साखळीची मोठी लेझीम हा वेगळा प्रकार आहे. ती जोरासाठी असते. काही उत्साही मंडळी तीच शाळेला भेट देतात, आणि आठवीच्या मुलींच्या दंडात दुसऱ्या दिवशी गोळे येतात.

बाजारात आखूड लेझमीचे साधारण तीन अवतार मिळतात.

पहिला जत्रेतला किंवा लोहाराकडचा. जंगली लाकडाचा किंवा बाभळीचा दांडा, काळं लोखंड, रंग नाही. आवाज भारदस्त, एकदम खणखणीत. वजन मात्र नगागणिक वेगळं, आणि दांडा कधी पाव इंचाने जाड, कधी बारीक. फायदा असा की लोहार समोर असतो, त्याला हवा तसा जोड करून मागता येतो.

दुसरा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी क्रीडा साहित्याच्या दुकानात मिळतो. दांडा लाल-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेला, मापं एकसारखी, पक्की पावती मिळते. लेखापरीक्षणाला ती लागतेच, त्यामुळे बहुतेक शाळांची खरेदी इथेच होते. रंगामुळे लाकडातली गाठ दिसत नाही, ही यातली मेख. शिवाय ऑइलपेंटचा दांडा घामाने निसटतो. दांडा धरतात तेवढी जागा पॉलिशपेपरने खरवडून घेतली की प्रश्न मिटतो.

तिसरा ऑनलाइन मिळणारा निकेलचा किंवा ॲल्युमिनियमचा. फोटोत देखणा. ॲल्युमिनियमच्या चकत्या हलक्या असतात आणि आवाज दबका येतो. खोलीत ठीक वाटतो, पण मैदानावर हलगी सुरू झाली की तिसऱ्या रांगेतली लेझीम ऐकूच येत नाही. निकेलचा मुलामा कडांवरून आधी सुटतो आणि मग त्याचे पापुद्रे बोटांना लागतात. बालवाडीच्या कार्यक्रमाला हा प्रकार चालेल. हायस्कुलाने यात पैसे घालू नयेत.

किमती गावोगावी आणि दुकानागणिक बदलतात. किरकोळीत साधारण शंभर-सव्वाशेपासून अडीचशेपर्यंत नग पडतो, आणि डझनावर घेतल्यास घासाघीस होते. घासाघीस जरूर करा, पण भाव पाडण्याऐवजी डझनामागे एखादा जास्तीचा दांडा आणि ओंजळभर सुट्या कड्या मागितल्या तर पुढे जास्त उपयोग होतो.

आता कोयंड्याकडे. स्वस्त लेझमीत दांड्याच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आकड्याचा खिळा ठोकलेला असतो. आडव्या लाकडात खिळा जसा धरतो तसा तो टोकात धरत नाही, कारण तंतू त्याला कवटाळत नाहीत, नुसते बाजूला सरकतात. त्यात खरेदी होते पावसाळ्यात, लाकूड ओलसर असताना. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, भोक सैल होतं आणि जानेवारीच्या सरावात नेमका झटक्याच्या ठोक्याला कोयंडा साखळीसकट सुटतो. ती साखळी पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मानेवर जाऊ शकते. लेझमीत खरी इजा होते ती अशीच.

चांगल्या लेझमीत दांड्याच्या टोकापासून अर्ध्या-पाऊण इंचावर आरपार आडवं भोक असतं, त्यातून सळई किंवा बोल्ट गेलेला असतो आणि तिला कोयंडा अडकवलेला असतो. टोकावर लोखंडी शेंबी (टोपण) बसवलेली असेल तर लाकूड फाटतही नाही. दुकानात तपासायची रीत सोपी आहे. दांडा एका हातात घट्ट धरायचा, साखळी दुसऱ्या हातात धरून तीन-चार दणकट हिसके द्यायचे आणि मग कोयंडा बोटांनी गोल फिरवून बघायचा. जागच्या जागी फिरला तर ती लेझीम बाजूला ठेवा. नमुन्याची एक तपासून भागत नाही, डझनातली प्रत्येक तपासा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

ठोकलेल्या कोयंड्याचा संच आधीच गळ्यात पडला असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. कोयंडा उपटायचा. गिरमिटाने आडवं भोक पाडायचं, टोकाच्या फार जवळ नको, नाहीतर लाकूड चिरेल. त्यातून दोन मिलिमीटर जाडीची जीआय (जस्त चढवलेली) तार दोन फेरे ओवायची, तिच्यात साखळीची पहिली कडी घ्यायची आणि पक्कडीने पीळ देऊन टोक दांड्याच्या अंगाला दाबून बसवायचं. वर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे तारेचं टोक हाताला लागत नाही. इन्शुलेशन टेप उन्हात चिकट होते, ती नको. आठवीतलं शेतकऱ्याचं कुठलंही पोर हे काम शिक्षकांपेक्षा नीट करतं. तासाभरात सात-आठ लेझमी होतात.

कोयंड्याखालोखाल त्रास देते ती उघडी कडी. साखळीच्या कड्या बहुधा डाग दिलेल्या नसतात, नुसत्या वळवलेल्या असतात. दोन टोकांच्या फटीत अंगठ्याचं नख शिरलं तर ती कडी महिन्याभरात उघडणार. पक्कडीने दाबून घेतली की झालं. यासाठी वर्गात एक पक्कड कायमची असावी, मुख्याध्यापकांच्या कपाटातली नव्हे.

चकत्यांचं परीक्षण कानाने करायचं. साखळी मिटताना आवाज एकदम ‘छण्’ असा यावा आणि तिथेच थांबावा. नंतर किणकिण रेंगाळत राहिली तर चकत्या फार सैल आहेत, ताल त्यात बुडतो. आवाज ‘खट्’ असा मुका आला तर त्या फार घट्ट आहेत, किंवा भोकाची कुसळं वळलेली आहेत. चकतीच्या कडेवरून बोट फिरवा. पत्रा कापल्यावर राहिलेली धार असेल तर कानशीने मोडावी लागेल. छत्तीस लेझमींची धार मोडायची म्हणजे एका वर्गाचे कार्यानुभवाचे दोन तास. पातळ डब्याच्या पत्र्याच्या चकत्या असतील तर घेऊच नका, त्या वाकतात आणि मग सगळ्या एकाच बाजूला कलून चिकटून बसतात. पितळेच्या उत्तमच, पण त्या साखळीतून एकेक करून गायब होतात, हेही खरेदी करणाऱ्याने धरून चालावं.

मूठ साखळीच्या सळईवर मोकळी फिरली पाहिजे. लाकडी मूठ सळईत अडकलेली असेल तर तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड. काही लेझमींना मूठच नसते, नुसती लोखंडी दांडी असते. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार इंचांचा तुकडा चढवला की काम भागतं. वजनाची कसोटी अशी: वर्गातल्या सगळ्यांत बारीक मुलाच्या हातात द्या, हात समोर सरळ, एक मिनिट. हात थरथरला तर संच जड आहे. अर्ध्या किलोच्या आसपासची लेझीम आठवी-नववीला झेपते.

किती घ्यायच्या? अडतीसच्या वर्गात रोज दोन-तीन गैरहजर, दोघं हलगी-ढोलावर, एक शिट्टीवर. उभी राहतात बत्तीस-तेहतीस. चार रांगा, रांगेत आठ. म्हणून तीन डझन: बत्तीस हातात, चार राखीव. दोन मुलांमधलं अंतर दोन मीटर ठेवलं तर 14 मीटर बाय 6 मीटर जागा पुरते, म्हणजे ध्वजस्तंभासमोरचं पटांगण बहुतेक ठिकाणी भागवतं. जागा फक्कीने आखून घ्या. नाहीतर ‘आगे फलांग’ला, म्हणजे पुढे उडी घेताना, दुसरी रांग पहिलीच्या पाठीत जाते.

तिन्ही वर्गांना वेगळे संच घेण्याच्या फंदात पडू नये. एकच संच आठवी-नववी-दहावीने वाटून वापरला तर भांडणं होतात, आणि ती होऊ द्यावीत, चुरस त्यातूनच येते. फक्त वेळापत्रक आधी ठरवा. दहावीला जानेवारीत सराव परीक्षा असते, म्हणून त्यांना डिसेंबरातलं स्नेहसंमेलन द्यावं. 26 जानेवारीचं मैदान नववीचं. आठवीला 19 फेब्रुवारीची शिवजयंती, तोवर त्यांचे हात बसलेले असतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायतीनंतरचा तास सरावाला सगळ्यांत बरा. ऊन चढलेलं नसतं आणि डबा खाऊन सुस्तावलेली पोरं नसतात.

प्रत्येक दांड्यावर ऑइलपेंटने हजेरी क्रमांक घालावा, हा या परीक्षणातला सगळ्यांत स्वस्त सल्ला. क्रमांक असलेली लेझीम कुणी भिंतीवर आपटत नाही, आणि तुटली तर कुणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे विचारावं लागत नाही. पुढच्या वर्षी तोच सतरा नंबर खालच्या वर्गातल्या सतरा नंबरकडे जातो. दांड्याच्या टोकाला कुणी बारीक अक्षरात आपलं नाव कोरतं. कोरू द्यावं, कोयंड्याच्या भोकापासून दूर असलं म्हणजे झालं.

हलगीबद्दल थोडं, कारण संचाबरोबर ती घेतली जातेच. कातडी हलगीच्या आवाजाला तोड नाही. पण 26 जानेवारीला सकाळी दव पडलेलं असतं, कातडं ओल धरून सैल होतं आणि ऐन झेंडावंदनाच्या वेळी ‘भद्द’ असा आवाज येतो. पालापाचोळा किंवा कागद पेटवून हलगी धगीवर फिरवावी लागते, ज्वाळेवर नव्हे. बोटाने टिचकी मारून बघत राहायचं, आवाज टणक झाला की थांबायचं. जास्त तापली तर कातडं फाटतं, आणि त्या दिवशी दुसरी मिळत नाही. नटबोल्टची फायबर हलगी हा त्रास देत नाही, पाना फिरवला की ताण येतो. आवाज जरा कर्कश, पण लांबवर जातो. ज्या शाळेत वाजवणारा सरावाचा नाही, तिने फायबरच घ्यावी. एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक लांब काडी दोन्हींना लागते. काड्या जास्तीच्या ठेवा, त्या मोडतातच.

शिकवताना लेझीम पहिल्या आठवड्यात हातात देऊच नये. आधी पायांचा ठेका टाळीवर बसवावा. चकत्यांच्या गोंगाटात चुकलेला पाय दिसत नाही, आणि एकदा चुकीचा बसला की सुटत नाही. मग दांडा द्यावा, ‘चार आवाज’ जागेवर, त्यातून ‘आठ आवाज’, आणि दोन्ही स्वच्छ वाजले की मगच ‘एक जगह’, ‘दो रुख’, फलांगा असे पुढचे प्रकार. महिनाभरात पाच-सहा प्रकार नीट होतात. बाराच्या मागे लागलं की एकही होत नाही. 1982च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनातल्या लेझमीचा दाखला देऊन दोन-तीन वर्ग एकत्र उभे करायची हौस काही मुख्याध्यापकांना असते. शंभर मुलं एकसारखी वाजवायला शंभर लेझमी एकाच आवाजाच्या लागतात, आणि लहान शाळेकडे त्या नसतात. बत्तीसच बरी.

मुलींच्या ओढण्यांचा विचार आधीच करावा. ओढणी साखळीत अडकते, फाटते आणि रांग थांबते. कमरेला आडवी बांधून दोन पिना लावल्या की निश्चिंती. बांगड्या काढून ठेवाव्यात, काचेच्या तर नक्कीच. शोभेसाठी गोंडे आणि रिबिनी लावायच्या तर दांड्याच्या टोकांना. साखळीत बांधल्या की आवाज निम्मा.

ठेवण्याची सोय खरेदीआधी करायला हवी. संच गोणपाटात भरून कार्यालयातल्या टेबलाखाली टाकला की साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि पुढच्या तासाची पहिली वीस मिनिटं सोडवण्यात जातात. चाळीस मिनिटांच्या तासातली वीस. त्यापेक्षा भिंतीवर सहा फुटांचा जीआय पाइप दोन टोकांना आणि मध्ये एक अशा तीन ब्रॅकेटांवर बसवावा. दांडा आणि साखळीच्या मधून पाइप गेला की छत्तीसच्या छत्तीस लेझमी ओळीने लटकतात. एकूण वजन अठरा-वीस किलोच्या घरात जातं, म्हणून मधली ब्रॅकेट चुकवू नये. उन्हाळी सुट्टीला जाण्याआधी साखळ्यांना शिवणयंत्राचं तेल चिंधीने पुसावं आणि दांड्यांना जवसाचं तेल चोळावं. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि त्याला धूळ चिकटते. एवढं केलं तर जूनमध्ये गंज सापडत नाही. न केलं तर पहिल्या सरावाला सगळ्या मुलांच्या पांढऱ्या गणवेशावर तांबड्या रेघा.

पैशांचं गणित प्रत्येक शाळेचं वेगळं. समग्र शिक्षा अभियानात 2018 पासून सरकारी माध्यमिक शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण गावाकडची बरीच हायस्कुलं संस्थांची, खासगी अनुदानित असतात आणि हा पैसा त्यांच्याकडे येत नाही. तिथे वेतनेतर अनुदान, संस्थेची मदत, नाहीतर माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचकडे मागायचं असेल तर ‘क्रीडा साहित्य’ असं मोघम मागू नका. तीन डझन, अठरा इंची, आरपार बोल्टच्या, सोबत एक हलगी, असं लिहून द्या. मोघम मागितलं की ट्रॉफ्या येतात.

ज्यांना ऑनलाइनच मागवणं भाग आहे त्यांनी एकदम संच मागवू नये. आधी दोन नग मागवून वर सांगितलेले हिसके द्यावेत. वर्णनात दांड्याची लांबी आणि एका नगाचं वजन दिलेलं नसेल तर ती मागवूच नये. पार्सल उघडताना सगळ्या लेझमी मोजून, कोयंडे फिरवून, परत पाठवायची मुदत संपायच्या आत दोषी नग वेगळे काढावेत. शाळेत खोकं पंधरा दिवस न उघडता कार्यालयात पडून राहतं, आणि मग विक्रेता परत घेत नाही.